एका चौकटीतले तीन शेठ

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात माझ्याबद्दल एक वाक्य फिरतं. ‘त्या बाईने एक तक्ता काढला आणि तीन सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या झाल्या.’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, बँकेच्या रांगेत ऐकलंय. एकदा तर शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मलाच ते सांगितलं. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात खरवईचा नाका आला आणि मी उतरले, नाहीतर रिक्षातच त्यांची शाळा घेतली असती. दिवाळी अंकासाठी लिहा असा आग्रह झाला तेव्हा मी संपादकांना आधीच बजावलं, लिहीन, पण दिलगिरी व्यक्त करणार नाही. चुली वेगळ्या झाल्या हे खरं आहे. का झाल्या, ते एकदा माझ्या तोंडून ऐका.

अंबरनाथच्या एमआयडीसीत रबराच्या एका कारखान्यात मी माणसांचं खातं सांभाळलं. लागले तेव्हा त्या खोलीला टाइम ऑफिस म्हणायचे, पुढे पर्सोनेल झालं, आणि निवृत्त झाले तेव्हा दारावर एचआर अशी चकचकीत पाटी होती. पाटी बदलत गेली, खुर्चीचा मोडका हात मात्र शेवटपर्यंत तसाच होता. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे रजा मांडायच्या, पीएफचे कागद पुढे सरकवायचे, कँटीनच्या डाळीत पाणी जास्त ही तक्रार ऐकायची आणि कोणाचा वाढदिवस असला की केक मागवायचा. हे सगळं मी केलं, पण पगार मला त्याच्यासाठी मिळत नव्हता. आमचं खरं काम एका ओळीचं असतं. कोणी कोणाला विचारायचं आणि कोणी कोणाला सांगायचं, हे ठरवायचं. बस. कारखान्यातल्या निम्म्या भानगडी या एका ओळीत गडबड झाली की सुरू होतात. उरलेल्या निम्म्या मशीनमुळे होतात, त्या दुरुस्त करायला फिटर असतो.

हे ठरवलेलं कागदावर काढतात त्याला आम्ही तक्ता म्हणतो. चौकटी काढायच्या, चौकटीत माणूस, आणि चौकटींमध्ये रेघा. रेघ वर जाते ती तुमच्या साहेबाकडे, खाली येते ती तुमच्या हाताखालच्यांकडे. शाळकरी मुलालाही काढता येईल असं चित्र. म्हणूनच त्याची किंमत कोणाला कळत नाही. भिंतीवर लावतात, त्याच्यावर कॅलेंडर लटकवतात आणि काम जसं चालायचं तसं चालू राहतं.

आमच्या कारखान्याचे मालक तीन भाऊ. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधलं सिंधी कुटुंब. थोरले हिरासेठ, त्यांच्याकडे पैसा आणि खरेदी. मधले किशूसेठ, त्यांच्याकडे कारखाना. धाकटे मोहनसेठ, त्यांच्याकडे गिऱ्हाईक. माणसं तिन्ही चांगली, कष्टाळू, आणि एकमेकांवर जीव टाकणारी. दुपारी घरून त्यांच्या आईने, अम्मांनी, पाठवलेला एकच मोठा डबा यायचा आणि तिघं हिरासेठच्या केबिनमध्ये बसून एका ताटात जेवायचे. त्या वेळी आत फोनही द्यायचा नाही असा दंडक होता. मला ते ताट बघून फार बरं वाटायचं. आमच्या चामटोलीत, माझ्या माहेरी, दोन चुलत्यांनी बांधावरून बोलणं सोडलेलं मी बघितलं होतं.

पण एका ताटात जेवणं वेगळं आणि एका माणसाला तिघांनी कामं सांगणं वेगळं. आमच्याकडे रामआसरे नावाचा फिटर होता. किशूसेठ त्याला सकाळी सांगत, रबर दाबायच्या प्रेसचं हीटर बघ. तो हत्यारं घेऊन निघतो तोच मोहनसेठ त्याला हाक मारत, माझ्या केबिनचा एसी गळतोय. आणि एसीच्या स्टुलावर चढतो न चढतो तोच हिरासेठचा निरोप, घरी अम्मांचा फ्रिज बंद पडलाय, आधी तिकडे जा. एकदा प्रेस बंद, एसी बंद आणि फ्रिजही बंद, अशी तिहेरी बोंब झाली आणि रामआसरे सापडला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, निवांत बिडी ओढत. मी तणतणत गेले. तो उठून उभा राहिला आणि अगदी आदराने म्हणाला,

“मॅडम, किशूसेठ समझते हैं मैं मोहनसेठ के काम में हूँ. मोहनसेठ समझते हैं हीरासेठ के काम में हूँ. हीरासेठ समझते हैं किशूसेठ के काम में हूँ. हम किसी का दिल नहीं तोड़ते.”

मेमो देणार होते, पण मेमोत लिहू काय? आज्ञा मोडली लिहावं, तर कोणाची? आमच्या धंद्यातला पहिला नियम त्या टपरीवर रामआसरेने मला उलटा करून दाखवला. एका माणसाला एकच साहेब हवा. तीन साहेब असले की माणूस तिप्पट काम करत नाही, तो टपरीवर जातो.

तक्ता काढायची वेळ आली ती मात्र बाहेरून. गॅसचे रेग्युलेटर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळत होती. तुमच्या घरच्या सिलिंडरवर जो रेग्युलेटर बसतो, त्याच्या आत रबराची एक छोटी रिंग असते. गॅस बाहेर येत नाही तो तिच्या भरवशावर. ऑर्डर देण्याआधी त्या कंपनीची माणसं तपासायला येणार होती आणि त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. भिंतीवर तक्ता हवा. आणि माल तपासणारा माणूस माल बनवणाऱ्याच्या हाताखाली नको. दुसरी अट शहाणपणाची होती. ज्याने पोळ्या भाजल्या त्यालाच कच्ची कुठली ते विचारलं, तर तो म्हणणार सगळ्या छान भाजल्यात. म्हणून तपासणीची रेघ किशूसेठना वळसा घालून थेट वर न्यायची ठरली.

थेट वर, म्हणजे कोणाकडे? मी सरळ हिरासेठचं नाव सगळ्यात वर घातलं आणि खाली दोन भावांच्या दोन चौकटी काढल्या. थोरले होते, शांत होते, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कागद केबिनमध्ये गेला आणि त्या दिवशी जेवताना केबिनमधून नेहमीचं हसणं ऐकू आलं नाही. संध्याकाळी मोहनसेठ माझ्याकडे आले.

“मॅडम, अम्मा के घर में ऊपर-नीचे नहीं चलता. दुकान का बोर्ड देखो, तीनों का नाम एक लाइन में. बँकेचं खातं बघा, तिजोरीच्या चाव्या बघा. तुम्ही काय करा, वरती एकच मोठा डब्बा काढा. त्यात तिघांना टाका.”

“शेठ,” मी म्हटलं, “चौकटीत एकच माणूस मावतो.”

“तो डब्बा बड़ा करो ना!” असं म्हणून ते हसले आणि माझ्या टेबलावर काजूची पुडी ठेवून गेले.

मी तिघांनाही वेगवेगळं समजावून पाहिलं. तिघांनी वेगवेगळे काजू दिले. शेवटी तक्त्याच्या डोक्यावर एक लांबलचक चौकट आली आणि तिच्यात तीन नावं, ओळीने, एकाच मापाच्या अक्षरांत. पाहुणे तपासायला आले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने विचारलंही, या तिघांपैकी नक्की कोण? हिरासेठ हात जोडून म्हणाले, “हम तीनों एक ही हैं, साहब.” साहेबांना हे ऐकून गहिवरून आलं असावं. ऑर्डर मिळाली.

त्या चौकटीतून जी रेघ खाली येत होती तिच्या टोकाला होती कुसुम.

कुसुम चामटोलीची सून. नवऱ्याची बदलापुरातली कंपनी बंद पडली होती, तो शेतात भाजी लावायचा, पण घर चालायचं कुसुमच्या पगारावर. मुलगी नर्सिंगला घातलेली. आमच्याकडे ती आली कात्री घेऊन. साच्यातून निघालेल्या रिंगेच्या कडेला रबराची पातळ झालर उरते, ती कातरायला गावागावांतल्या बायका असतात, त्यांच्यात ती बसायची. तिथून ती तपासणीची प्रमुख झाली. गरीब बिचारी, खाली मान घालून काम करणारी असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. कुसुमचा आवाज प्रेसच्या वर ऐकू यायचा. ती भांडखोर होती, सुपरवायझरची नक्कल करायची, आणि एखादीने डोळे मिटून माल पास केला तर तिच्या सात पिढ्या काढायची. माझ्याशीही तिचे दोनदा कडाक्याचे झगडे झाले. दोन्ही वेळा चूक तिची होती, हे ती आजही मानत नाही.

ऑर्डर वाढली तसं किशूसेठनी प्रेसचा वेळ कमी केला. रबर साच्यात घालून उष्णतेत आणि दाबाखाली ठरलेला वेळ ठेवावं लागतं. घाईने काढलं तर वरून छान दिसतं, आत कच्चं राहतं. किशूसेठना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण मोहनसेठनी तारीख दिली होती, गेटवर ट्रक उभा होता, आणि अशा वेळी माणूस स्वतःला सांगतो, एवढ्याने काय होतंय. कुसुमने क्रेट उघडले, रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र लावलं, रिंगा बोटांनी दाबून पाहिल्या आणि सगळ्या मालाला लाल पट्ट्या बांधल्या. लाल पट्टीचा आमच्याकडे नियम होता. कुसुमने बांधायची, आणि सोडायची ती कुसुमच्या साहेबाच्या शब्दावर, त्याची सही घेऊन.

किशूसेठ खाली आले. कातरणाऱ्या बायकांच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर म्हणाले, पट्ट्या काढ. मोहनसेठचा फोन आला, अर्धा माल सोड, अर्धा ठेव. हिरासेठना विचारायला माणूस धाडला तर ते म्हणाले, “अभी रुको, देखते हैं.” हिरासेठ आयुष्यभर ‘देखते हैं’ म्हणत आले होते.

कुसुमने कमरेवर हात ठेवले.

“शेट, माझ्या डोक्यावं तिगांची नावं हायेत. भिंतीवं बगा. एक बोलतो सोड, एक बोलतो अर्धा सोड, एक बोलतो थांब. तुमचा तिगांचा एक होईल तवर माल हलनार नाय.”

हॉलमध्ये कात्र्या थांबल्या. कोणीतरी मागे फिसकन हसलं, आणि ते हसणं महागात पडलं. माल अडवला याचा राग किशूसेठ गिळू शकले असते. बायका हसल्या ते त्यांना गिळता आलं नाही.

ते तसेच माझ्या खोलीत आले. “उसका लेटर बनाओ. आज ही. वरिष्ठ का हुकुम नहीं माना, लिखो.”

“कुठल्या वरिष्ठांचा?” मी विचारलं.

“मेरा!”

“तुमचं ऐकलं असतं तर मोहनसेठचा आणि हिरासेठचा मोडला असता. मोहनसेठचं ऐकलं असतं तर तुमचा. तिने काहीही केलं असतं तरी दोघांचा हुकूम मोडणारच होता, शेठ. असं पत्र मला लिहिता येत नाही.”

“आप दोनों एक गाँव के हो, इसलिए.”

“गाव एकच आहे. पण तिच्या जागी अंबरनाथची असती, बिहारची असती, तरी नसतं लिहिलं.”

मी निडर वगैरे होते असं कृपा करून समजू नका. खरवईच्या फ्लॅटचे हप्ते माझ्याही मागे होते, आणि किशूसेठ तिघांपैकी एक मालक होते. पण त्या क्षणी मला राग आला होता, आणि तो किशूसेठचा नव्हता. त्या लांबलचक चौकटीचा होता. तिच्यात तीन मोठी माणसं आरामात बसली होती आणि चिरडली जात होती ती खालची एक बाई.

हिरासेठच्या केबिनमध्ये बैठक बसली. डबा आला होता, कोणी उघडला नव्हता. मोहनसेठनी मधला मार्ग काढला, ते त्यात पटाईत होते. नोकरीवरून काढू नका, ताकीद द्या आणि पॅकिंगला टाका. किशूसेठ म्हणाले, काढायचंच. हिरासेठ म्हणाले, देखते हैं.

मी भिंतीवरचा तक्ता काढून आणला होता. तो डब्याशेजारी ठेवला.

“एक विचारते,” मी म्हटलं. “माल गेला, रिंगा बसल्या, आणि उद्या कोणाच्या स्वयंपाकघरात काही झालं. पोलीस आले आणि म्हणाले, माल सोडा असं कोणी सांगितलं. यातलं कुठलं नाव पुढे येणार?”

‘हम तीनों एक ही हैं’ हे वाक्य त्या वेळी कोणीच म्हटलं नाही. मोहनसेठ फोन बघू लागले. किशूसेठ खिडकीबाहेर.

“यातली दोन नावं खोडा,” मी म्हटलं. “जे उरेल तो कुसुमचा साहेब. आणि माझाही. त्याने सांगितलं कुसुमला काढ, तर मी इथेच बसून पत्र लिहिते, एक अक्षर बोलणार नाही. पण माल सोडायचा असेल तर लाल पट्टीही त्यानेच सोडायची. त्याच्या एकट्याच्या सहीने.”

कुसुमची नोकरी मी पणाला लावली होती, तिला न विचारता. आजही कोणी मला म्हणतं की किशूसेठनी स्वतःचं नाव राखलं असतं तर काय केलं असतंस? पत्र लिहिलं असतं. रडले असते, आणि लिहिलं असतं. नियम सांगायचा आणि तो आपल्याविरुद्ध गेला की मोडायचा, हा धंदा मी केला नाही.

किशूसेठनी पेन उचललं. “मेरा रखो,” म्हणाले. कागदावर वाकले. मोहनसेठचं नाव खोडायला टोक टेकवलं आणि थांबले. त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं, मग त्या न उघडलेल्या डब्याकडे. मग पेन टेबलावर ठेवून दिलं. भावाचं नाव खोडवेना म्हणून की गॅसच्या रिंगेखाली एकट्याची सही करवेना म्हणून, ते मला आजतागायत समजलेलं नाही. मोहनसेठ लगेच म्हणाले, “मैं तो सेल्सवाला हूँ, मुझे मत फँसाओ.”

आणि मग हिरासेठनी पेन घेतलं. देखते हैं म्हणणाऱ्या माणसाने एकापाठोपाठ दोन नावं खोडली. दुसऱ्या नावावरची रेघ चौकटीबाहेर गेली.

“अम्मा को क्या बोलेगा?” किशूसेठनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“बोलूँगा, आज से गाली अकेले मुझे पड़ेगी.”

मी विचारलं, “शेठ, कुसुमचं पत्र?”

ते जिना उतरून हॉलमध्ये गेले. मी मागोमाग. कुसुम क्रेटच्या थप्पीला टेकून उभी होती. तिला कल्पना आली असावी, कारण डब्याची पिशवी तिने खांद्याला लावून ठेवली होती.

“कुसुम, आज से तेरे ऊपर सिर्फ मैं. दूसरा कोई बोले तो?”

“ऐकनार नाय.”

“और मैं बोलूँ, छोड़ दे?”

कुसुमने एक क्रेट पुढे ओढला. “तुमी माझे साहेब. पट्टी तुमी सोडा, सही करा, मी सोता ट्रकात चढवतंय.”

हिरासेठनी पट्टीला हात लावला. बायका बघत होत्या, या वेळी कोणी हसलं नाही. ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांनी एक रिंग उचलली, दोन बोटांत धरून दाबली, आणि परत क्रेटमध्ये टाकली.

“ट्रक ख़ाली भेज दो,” ते म्हणाले, “और ये सब स्क्रॅप.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कौन सा लेटर, मॅडम?”

कुसुमने पिशवी खांद्यावरून काढून खुंटीला लावली आणि लगेच बायकांवर ओरडायला लागली, कात्र्या का थांबल्या म्हणून.

मोठ्या गिऱ्हाइकाने नंतर ऑर्डर कमी केली. प्रेसचा वेळ पुन्हा पूर्ववत झाला. आणि वर्ष सरायच्या आत किशूसेठनी आपला हिस्सा मागितला. बदलापूरला त्यांनी वेगळी शेड घेतली, मोटारींचं रबर सुरू केलं, उत्तम चालवलं. तिथे वरच्या चौकटीत एकच नाव आहे हे मी मुद्दाम चौकशी करून घेतलं. लोक म्हणतात बाईने घर फोडलं. मी म्हणते, भिंतीला तडा आधीच होता, त्याच्यावर तीन नावांचा कागद चिकटवलेला होता. मी तो कागद काढला. तडा दिसतो म्हणून कागद काढणारीला बोल लावायचा, हा कुठला न्याय?

हल्ली आमच्या क्षेत्रात नवीन वारं आहे. शेवटच्या वर्षांत एक सल्लागार आले होते, ते म्हणाले चौकटीच नकोत, सगळे सारखे, सगळे टीम, कोणी कोणाचा साहेब नाही. मी विचारलं, मग पट्टी कोण सोडणार? म्हणाले, टीम. मी त्यांना चहा पाजला आणि पाठवून दिलं. ज्याला त्याला साहेबीचा मान नको असतो असं नाही, नको असते ती सही. साहेब नाहीसा करून सही नाहीशी होत नाही. ती सर्वांत खाली उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात पडते, एवढंच होतं.

एक गोष्ट मात्र मला लागली, आणि ती मी लपवत नाही. त्या दुपारचा डबा कोणी उघडला नाही. किशूसेठ बदलापूरला गेल्यावर तो मोठा डबा यायचाच बंद झाला. घरी चुली वेगळ्या झाल्या, उरलेल्या दोघांचे दोन डबे येऊ लागले, मग मोहनसेठ बाहेरून मागवू लागले. जेवणाच्या वेळी केबिनवरून जाताना आतलं हसणं ऐकायची कानांना सवय होती. ती मोडायला मला फार दिवस लागले.

निवृत्तीनंतर, यंदाच्याच उन्हाळ्यात, अम्मांचा निरोप आला. भेटायला बोलावलंय. मी मनात म्हटलं, आलं शेवटी. कॅम्प चारच्या त्या घरी मी पूर्वी दिवाळीला मिठाई घ्यायला गेले होते, तेवढीच. रस्ताभर मी उत्तरं जुळवत होते. फाळणीत, लहान मुलगी असताना, या बाई आईबापांबरोबर सगळं सोडून या कॅम्पात आल्या, बराकीत राहून घरी रबरी चपलांचे पट्टे कापले, त्यातून हा कारखाना उभा राहिला. त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही, पण मागेही हटायचं नाही, असं ठरवून मी जिना चढले.

अम्मा पलंगावर बसल्या होत्या. आता फार थकल्या होत्या, पण नजर धारदार होती. उशाशी एक भरलेली बॅग होती.

“तू वही नक्शेवाली?”

“हो अम्मा. मीच. आणि परत वेळ आली तर परत काढेन.”

त्यांनी हाताने बस म्हटलं. पाणी आलं, साखर घातलेलं सरबत आलं.

“वो लड़की, जिसके लिए ये सब हुआ. है अभी?”

“कुसुम? आहे ना. तिच्याशिवाय माल हलत नाही.”

“किसके नीचे है?”

“हिरासेठच्या.”

“अकेले हीरे के?”

“एकट्या हिरासेठच्या.”

“और मोहन कुछ बोले तो?”

“ऐकत नाही, अम्मा.”

अम्मा हसल्या. दात नव्हते, तरी पूर्ण तोंडभर हसल्या. मग त्यांनी त्या बॅगेवर हात ठेवला. मुलं वेगळी झाली तशी अम्मांची बारी लागली होती, एक महिना एकाकडे, एक दुसऱ्याकडे, एक तिसऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी त्यांना बदलापूरला न्यायला गाडी येणार होती.

“हीरा बोलता है, नमक बंद. मोहन बोलता है, सीढ़ी मत उतरो. किशू का डॉक्टर अलग, वो बोलता है रोज़ चलो, सब खाओ. बहुएँ भी अलग-अलग बोलती हैं. लोग समझते हैं अम्मा तीनों के ऊपर है.” त्यांनी मान हलवली. “मैं तीनों के नीचे हूँ, बेटा.”

मी सरबताचा ग्लास खाली ठेवला.

अम्मांनी पलंगाच्या कडेला सरकून माझ्या पर्सकडे बोट दाखवलं.

“काग़ज़-पेन है? तो मेरा भी नक्शा बना दे. एक ही डब्बा बना, उसमें मुझे डाल. और ऊपर किसी का नाम मत लिखना.”